'शॅल' आणि 'विल' : ऋण आणि इच्छा

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला जे शब्द आरंभीं अगदीं सोपे वाटतात आणि पुढें जन्मभर चकवितात, त्यांत 'शॅल' आणि 'विल' या जोडीचें स्थान फार वरचें आहे. दोन्ही शब्द लहान. दोहोंचा उपयोग भविष्यकाळ दाखविण्याकडे. मराठींत भाषांतर करावयाचें झालें म्हणजे दोहोंबद्दल बहुधा 'करीन', 'करील' हींच रूपें पुढें येतात. मग एकाच कामासाठीं दोन चाकर कशाला, असा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनांत उभा राहणें साहजिक आहे. त्यावर शाळेंत मिळणारें उत्तर ठराविक असे. प्रथमपुरुषीं 'शॅल' आणि द्वितीय व तृतीय पुरुषीं 'विल', हा साधा भविष्यकाळ. हा क्रम उलटला कीं निश्चय, वचन, आज्ञा किंवा धमकी. हें कोष्टक पाठ होई, परीक्षेंत उतरे आणि परीक्षेबरोबरच विस्मृतींत जाई. कारण न सांगितलेला नियम फार दिवस टिकत नाहीं. वास्तविक या दोन शब्दांमधील भेदाला कारण आहे, आणि तें समजलें म्हणजे कोष्टकाची फारशी गरजही उरत नाहीं.

तें कारण या शब्दांच्या कुळांत आहे. 'शॅल' हें मुळांत भविष्यकाळाचें चिन्ह नव्हतें. तें एक स्वतंत्र क्रियापद होतें आणि त्याचा अर्थ 'देणें लागणें' असा होता. जर्मन भाषेंत त्याचें सगोत्र क्रियापद 'झोलेन' आजही 'करणें प्राप्त असणें' या अर्थानें नांदत आहे. आणि त्याच घराण्यांतील 'शुल्ड' या जर्मन शब्दाचे कर्ज आणि अपराध असे दोन्ही अर्थ होतात. 'विल' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'इच्छिणें'. जर्मन 'वोलेन' आणि लॅटिन 'वेल्ले' हे त्याचे भाऊबंद. संस्कृतांतील 'वृ', म्हणजे पसंत करणें, निवडणें, हा धातुही त्याच कुळांतला. म्हणून आपल्या 'वर', 'वरण' आणि 'स्वयंवर' या शब्दांचें इंग्रजी 'विल'शीं दूरचें नातें लागतें. मृत्युपत्राला इंग्रजींत 'विल' म्हणतात आणि तोच शब्द मराठी बोलण्यांतही रुळला आहे. मरणाऱ्याची अखेरची इच्छा ज्यांत लिहिलेली असते तें 'विल', इतका तो अर्थ सरळ आहे.

म्हणजे एका शब्दाच्या पोटांत ऋण आहे, दुसऱ्याच्या पोटांत इच्छा. 'शॅल' हें बाहेरून पडलेलें बंधन, 'विल' ही आंतून उठलेली ओढ. यांतून भविष्यकाळ कसा निघाला, हेंही समजण्यास कठीण नाहीं. जें देणें आज आहे तें उद्यां फेडावयाचें असतें. जी इच्छा आज आहे ती उद्यां पुरी व्हावयाची असते. दोन्ही शब्दांचें तोंड पुढेंच असल्यामुळें काळाच्या ओघांत दोहोंचा मूळ अर्थ झिजत गेला आणि 'पुढें होणारें' एवढाच सामान्य अर्थ पुष्कळ ठिकाणीं शिल्लक राहिला. परंतु झिजलेल्या नाण्यावरील राजाची मुद्रा जशी निरखून पाहिल्यास दिसते, तसा हा मूळ अर्थ जागोजाग डोकावतो.

शाळेंतील कोष्टक हें इंग्रजी भाषेबरोबर जन्मलेलें नाहीं. तें स्पष्ट शब्दांत मांडलें जॉन वॉलिस यानें, १६५३ सालीं. वॉलिस हा ऑक्सफर्ड येथें भूमितीचा प्राध्यापक होता. अनंताचें आडव्या आठासारखें चिन्ह गणितांत आणलें तेंही त्यानेंच. त्यानें इंग्रजीचें व्याकरण लॅटिन भाषेंत लिहिलें, कारण तें परकीयांसाठीं होतें. परकी माणूस या दोन शब्दांपाशीं अडखळतो, हें त्यानें हेरलें होतें. पुढें १७६२ सालीं रॉबर्ट लौथ या धर्मोपदेशकानें आणि १७९५ सालीं लिंडले मरे यानें आपापल्या व्याकरणांत हाच नियम मांडला, आणि तेथून तो शाळांत शिरला. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत कांहीं वर्षें काम केलेले रेन आणि त्यांचे सहलेखक मार्टिन यांच्या व्याकरणानें तो हिंदुस्थानांतील विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांना शिकविला.

आतां या कोष्टकामागील युक्ति पाहावी. मनुष्य स्वतःविषयीं बोलतांना 'आय विल गो' म्हणाला, तर त्यांत 'जाण्याची माझी इच्छा आहे' हा मूळ अर्थ सहज जागा होतो. कारण बोलणारा आणि इच्छिणारा एकच असतो. म्हणून इच्छेचा गंध नको असेल, केवळ होणारी गोष्ट सांगावयाची असेल, तर त्यानें 'आय शॅल गो' म्हणावें. दुसऱ्याविषयीं बोलतांना प्रकार उलटा होतो. 'ही शॅल गो' म्हटलें कीं जाण्याचें ऋण दुसऱ्याच्या माथीं बसतें, आणि तें बसविणारा बोलणारा असतो. म्हणजेच ती आज्ञा होते : 'त्याला गेलेंच पाहिजे.' दुसऱ्यावर असें ओझें घालावयाचें नसेल तर त्याची इच्छा त्याच्याकडेच ठेवून 'ही विल गो' म्हणावें, ही सभ्यता. 'यू शॅल हॅव द मनी' या वाक्यांत मात्र ऋण बोलणाऱ्यानें स्वतःवर घेतलेलें असतें : 'पैसे तुला मिळतील, हमी माझी.' धमकी आणि वचन हीं एकाच शब्दानें कां दाखविलीं जातात, याचा उलगडा येथें होतो. दोन्हींत बोलणारा पुढील गोष्ट आपल्या अधिकारांत घेत असतो. प्रसंग पाहून ऐकणारा भितो किंवा निश्चिंत होतो.

हा नियम मनावर ठसविण्यासाठीं जुने इंग्रज शिक्षक एक गोष्ट सांगत. एक परका मनुष्य नदींत पडला. तो ओरडला, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' त्याला म्हणावयाचें होतें, 'मी बुडेन, मला कोणी वांचविणार नाहीं.' परंतु कांठावरील व्याकरणशुद्ध इंग्रजांनीं अर्थ घेतला तो असा : 'मला बुडावयाचेंच आहे, खबरदार कोणी वांचवाल तर!' त्यांनीं त्याच्या इच्छेला मान दिला आणि तो बिचारा बुडाला. गोष्ट रचलेली आहे, हें उघड आहे. तिचा रोख कधीं फ्रेंच माणसावर, कधीं आयर्लंडच्या माणसावर असे. परंतु तिच्यांतूनच नियमाची उणीवही दिसते. आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील लोकांची भाषा इंग्रजीच, आणि तेथें हा भेद कोष्टकाप्रमाणें पाळला जात नसे. अमेरिकेंतही सर्व पुरुषीं 'विल' म्हणण्याकडेच कल राहिला. १९०६ सालीं फाउलर बंधूंनीं या दोन शब्दांवर पुष्कळ पानें खर्च केलीं, तेव्हां दक्षिण इंग्लंडांत वाढलेल्याला हा भेद उपजत साधतो आणि इतरांना तो शिकून साधणें दुर्घट आहे, अशीच त्यांची समजूत होती. पुढें १९२५ सालीं चार्लस फ्रीज या अमेरिकन पंडितानें नाटकांतील संवाद तपासून उदाहरणें मोजलीं, तेव्हां प्रत्यक्ष वापर कोष्टकाप्रमाणें चालत नाहीं, असें त्याला आढळून आलें.

इतिहासांतील एक प्रसिद्ध वाक्यही कोष्टकाला जुमानीत नाहीं. १९४२ च्या मार्च महिन्यांत फिलिपाइन्स बेटांतून निघून ऑस्ट्रेलियांत पोहोंचलेले अमेरिकन सेनापति मॅकआर्थर यांनीं 'आय शॅल रिटर्न' असे उद्गार काढले. कोष्टकाप्रमाणें हें केवळ भाकित. 'मी परत येईन, असें दिसतें' एवढाच त्याचा अर्थ. परंतु जगानें तें वाक्य प्रतिज्ञा म्हणून ऐकलें, आणि १९४४ च्या ऑक्टोबरांत मॅकआर्थर लेटे बेटावर उतरले तेव्हां प्रतिज्ञा पुरी झाली, असेंच लोक म्हणाले. १९४० च्या ४ जून रोजीं चर्चिल यांनीं पार्लमेंटांत केलेल्या भाषणांत 'वुई शॅल' हे शब्द पुनःपुन्हा आले. तेही कोणी भाकित म्हणून ऐकले नाहींत. कोष्टक फसलें, पण कूळ फसलें नाहीं. 'शॅल' या शब्दांतील ऋणाचा भार श्रोत्यांच्या कानांना जाणवला. 'परत येणें मला आवडेल' असें नव्हे, तर 'परत येणें हें माझ्यावर देणें आहे' असें त्यांनीं ऐकलें.

रोजच्या इंग्रजी बोलण्यांत आज 'विल' या शब्दानें बहुतेक सारें क्षेत्र व्यापलें आहे. त्यांतच 'आय्‌ल', 'ही'ल' अशा आंखूड रूपांत शब्दाचें पहिलें अक्षरच गळून जात असल्यामुळें मूळ शब्द कोणता, हें कानाला कळतही नाहीं. तरी प्रश्नार्थक वाक्यांत 'शॅल' अजून घट्ट पाय रोवून उभा आहे. 'शॅल आय ओपन द डोअर?' म्हणजे 'दार उघडूं का?' 'शॅल वुई गो?' म्हणजे 'जाऊं या का?' येथें विचारणारा दुसऱ्याची मर्जी विचारतो : मीं काय करणें प्राप्त आहे तें तूं सांग. उलट 'विल यू कम?' म्हणजे 'येशील का?' येथें दुसऱ्याची इच्छा विचारलेली आहे. मराठी माणसाला हा भेद उपजत ठाऊक आहे. 'उघडूं का' आणि 'उघडशील का' यांची गल्लत मराठी मूलही करीत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यानें इंग्रजी कोष्टकाशीं झगडण्यापेक्षां आधीं आपल्या भाषेकडे वळावें.

मराठींत भविष्यकाळ सांगण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. 'मी येईन' यांत आश्वासन आहे. 'मी येणार' यांत ठरलेला बेत आहे. 'मला यावयाचें आहे' यांत कधीं इच्छा आणि कधीं कर्तव्य आहे. 'मला यावें लागेल' यांत निव्वळ बंधन आहे. यांतील छटा ज्याला कळतात, त्याला 'शॅल' आणि 'विल' यांच्या छटा परक्या वाटण्याचें कारण नाहीं. अडचण येते ती एका मराठी प्रत्ययासमोर एकच इंग्रजी शब्द मांडून ठेवण्याच्या संवयीमुळें. भाषा या वाण्याच्या तराजूंतील वजनांसारख्या नसतात. एकीकडील शेर दुसरीकडे तंतोतंत शेर भरत नाहीं.

'विल' या शब्दाच्या इतर उपयोगांतही मराठीशीं मोठें मजेदार साम्य आहे. दारावर थाप पडली म्हणजे इंग्रज म्हणतो, 'दॅट विल बी द पोस्टमन'. मराठी माणूस म्हणतो, 'टपालवाला असेल.' दोघांचेंही क्रियापद भविष्यकाळीं, आणि दोघांच्याही मनांत अनुमान वर्तमानकाळचें. दार घट्ट बसलें म्हणजे इंग्रज म्हणतो, 'द डोअर वोन्ट ओपन'. मराठी माणूस म्हणतो, 'दार उघडेना.' अचेतन लांकडालाही दोन्ही भाषांनीं हट्ट चिकटविला आहे. 'विल' शब्दांतील इच्छा येथें नकाराच्या रूपानें उभी राहते; 'उघडेना' या रूपांतही तोच हेका ऐकूं येतो. भूतकाळीं 'विल'चें 'वुड' होतें. 'ही वुड गो टु द रिव्हर एव्हरी मॉर्निंग' हें वाक्य 'तो रोज सकाळीं नदीवर जाई' असें मराठींत सहज उतरतें. मनाची ओढ वारंवार घडली म्हणजे तिचीच संवय होते, हें या उपयोगाचें मूळ. 'शॅल'चें भूतकाळचें रूप 'शुड'. तें मात्र आपल्या कुळाला विसरलें नाहीं. 'यू शुड पे' म्हणजे 'तूं पैसे द्यावेस, देणें तुझें कर्तव्य आहे.' बाप भविष्यकाळाच्या चाकरींत गेला, पण मुलगा घरचें ऋण अजून सांभाळून आहे.

येथवरचा विचार बोलण्याचालण्याचा झाला. कायद्याच्या भाषेंत हा भेद शब्दांचा खेळ राहत नाहीं. माणसाचा हक्क त्यावर तोलला जातो. इंग्रजी कायद्यांत 'शॅल' म्हणजे करणें भाग, आणि 'मे' म्हणजे करण्याची मुभा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मराठी कायद्यांत पहिल्यासाठीं 'करील' आणि दुसऱ्यासाठीं 'करतां येईल' अशी योजना सामान्यतः दिसते. परंतु हा संकेतही अभेद्य नाहीं. भारताच्या राज्यघटनेच्या ३२० व्या कलमांत, सरकारी नोकरावर शिस्तीची कारवाई करतांना लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा, अशी तरतूद आहे, आणि तेथें शब्द 'शॅल' आहे. उत्तर प्रदेश सरकारच्या शिक्षणखात्यांतील एका नोकराला वरच्या जागेवरून खालीं उतरविलें गेलें. सल्ल्याची ही अट नीट पाळली गेली नाहीं, अशी त्याची तक्रार होती. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, या कलमांतील 'शॅल' बंधनकारक नाहीं. सल्ल्यांत उणीव राहिली म्हणून सरकारचा हुकूम रद्द होत नाहीं. शब्द तोच, परंतु त्याचें बळ कलमाचा हेतु पाहून न्यायालयानें ठरविलें. त्या नोकराच्या दृष्टीनें एका लहानशा सहाय्यक क्रियापदाचा अर्थ किती मोठा होता, हें सांगावयास नको.

याहून बोधप्रद उदाहरण शिक्षणाचें आहे. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ४५ व्या कलमांत चौदा वर्षें पुरीं होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याविषयीं तरतूद होती, आणि त्यासाठीं दहा वर्षांची मुदत घातलेली होती. तेथें शब्द 'शॅल' होता, पण त्याच्यापुढें लगेच 'एन्डेव्हर' हा शब्द बसविलेला होता. म्हणजे राज्याच्या माथीं जें ऋण आलें तें शिक्षण देण्याचें नव्हे, तर शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्याचें. त्यांतून हें कलम मार्गदर्शक तत्त्वांपैकीं असल्यामुळें त्यासाठीं न्यायालयांत दाद मागण्याची सोय नव्हती. १९६० साल आलें आणि गेलें; असंख्य मुलें शाळेबाहेरच राहिलीं; प्रयत्न चालू आहे असें म्हणण्यास कोणासही हरकत नव्हती. १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें चौदा वर्षांपर्यंतचें शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क असल्याचें मान्य केलें. पुढें २००२ सालीं शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनें २१-अ हें नवें कलम घातलें गेलें. त्यांत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता 'एन्डेव्हर' शब्द निघून गेला; राज्य शिक्षण देईल, असा निखळ 'शॅल' तेथें आला. शिक्षण कोणत्या रीतीनें द्यावें, हें मात्र राज्यानें कायद्यानें ठरवावें, आणि तेथें शब्द आहे 'मे'. एकाच वाक्यांत ऋण आणि मुभा शेजारीं शेजारीं बसलीं आहेत : देणें टळत नाहीं, देण्याची पद्धत निवडतां येते. हें कलम १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलें. सहा वर्षांखालील मुलांसाठीं मात्र ४५ व्या कलमांत 'प्रयत्न' हा शब्द अजून तसाच आहे. दोन कलमें शेजारीं ठेवून वाचणाऱ्याला एका शब्दाची किंमत किती, हें उमगल्याशिवाय राहणार नाहीं.

कायद्यांतील 'शॅल' असा कधीं आज्ञा, कधीं सूचना, कधीं नुसतें भविष्य दाखवूं लागल्यामुळें अलीकडे पुष्कळ देशांतील कायदे लिहिणाऱ्यांनीं त्याची संगतच सोडली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ सालच्या तात्पुरत्या राज्यघटनेंत 'शॅल' होता. १९९६ सालच्या घटनेंत कर्तव्य सांगण्यासाठीं त्याच्या जागीं 'मस्ट' हा शब्द आला. अमेरिकेंतील संघ-न्यायालयांचे दिवाणी कामकाजाचे नियम २००७ सालीं नव्यानें लिहिले गेले, तेव्हां त्यांतूनही 'शॅल' काढून टाकण्यांत आला. संशयास जागा नसलेला शब्द घ्यावा, हा त्यामागील विचार योग्यच आहे. ज्याला कायदा पाळावयाचा आहे त्याला आपण काय देणें लागतों, हें एका वाचनांत कळलें पाहिजे.

विद्यार्थ्याला यांतून घेण्याजोगी गोष्ट एकच. 'शॅल' कीं 'विल', असा प्रश्न पुढें आला म्हणजे पुरुष कोणता, हें मोजूं नये. इच्छा कोणाची आणि ऋण कोणावर, हें विचारावें. पत्र लिहितांना, करार वाचतांना, सरकारी कागदावर सही करतांना हाच प्रश्न उपयोगी पडतो. 'करील' या शब्दापुढें 'प्रयत्न' आहे का, 'करतां येईल' असें म्हटलें आहे कीं 'केलेंच पाहिजे' असें म्हटलें आहे, इकडे ज्याचें लक्ष जातें तो सहसा फसत नाहीं. व्याकरण हें परीक्षेच्या गुणांसाठीं शिकलें जातें, हें खरें. परंतु दिलेलें वचन आणि व्यक्त केलेली इच्छा यांतील अंतर ओळखण्याची संवय त्यानें लागली, तर तें शिकणें सार्थकीं लागलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.